ग्रुप हजाराचा झाला, पण गल्ल्यात काय?

परसांतली अबोली

नमस्कार मंडळी. प्रश्न धंद्याचा आहे. विचारायला थोडा संकोच वाटतो, कारण ज्यांच्याकडून कमवायचं म्हणते ती सगळी ओळखीपाळखीची माणसं.

गोव्यात फोंड्याला आमचं बी-बियाणं, कुंड्या, खतं, कोयते-कुदळींचं दुकान आहे. सासऱ्यांनी घातलेलं, आता मी आणि धाकटे दीर बघतो. लॉकडाऊनमध्ये गिऱ्हाइकांसाठी परसबागेचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. तो आता तुडुंब आहे. एका ग्रुपात १०२४ च्या वर माणसं घेता येत नाहीत, आणि बांदोड्यापासून वाळपईपर्यंत कोणी ना कोणी "आमच्या वहिनीला पण घ्या" म्हणून मागे लागलेलं असतं. मिरग जवळ आला की फोन हातातून सुटत नाही. मिरचीची पानं का आकसली, दोडकीला फुलं येतात पण धरत का नाहीत, माकडांना काय करायचं. (माकडांवर उत्तर नाही, ते आधीच सांगते.)

रडगाणं असं की सल्ला आमच्याकडून आणि कुंडी ॲमेझॉनवरून. परवा एकीने ऑनलाइन घेतलेल्या कुंड्यांचा फोटो टाकून मलाच विचारलं, "ताई, यात कुठली माती घालू?" दीर म्हणतात, एक तर ग्रुप बंद कर नाही तर जाहिराती घे. त्यातच एका खत कंपनीचा माणूस येऊन गेला. आठवड्याला दोन पोस्ट, जणू माझाच अनुभव आहे अशा लिहायच्या, आणि महिन्याला ठरावीक रक्कम. अजून हो-नाही काही कळवलेलं नाही.

ग्रुपचा ग्रुप राहून त्यातून दुकानाला चार पैसे कसे मिळवतात? कोणी केलंय का?

---

कुडचडे एक्सप्रेस

ताई, हजार माणसांची कम्युनिटी म्हणजे सोनं आहे! मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून पटापट सांगतो.

ॲफिलिएट लिंक: नाही तरी लोक ॲमेझॉनवरून घेतातच, मग तुमच्या लिंकवरून घेऊ देत, तुम्हाला टक्केवारी मिळेल. पेड मेंबरशिप: मूळ ग्रुप फुकट, आणि महिना थोडी फी घेऊन छोटा खास ग्रुप, त्यात तुम्ही स्वतः उत्तर देणार. स्पॉन्सर पोस्ट: ती खत कंपनी. यूट्यूब चॅनेल: १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलं गेलं की जाहिरातींचा वाटा सुरू होतो.

आणि ग्रुप भरला असेल तर व्हॉट्सॲपचं कम्युनिटी फीचर घ्या, २०२२ पासून आहे. तालुकावार ग्रुप करा आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक घोषणांचा ग्रुप. तिथे फक्त ॲडमिन लिहिणार.

---

म्हापशाचा शुक्रवार

फी देऊन सल्ला? गोव्यात? अरे बाबा, इथे माणसं वकिलाला लग्नाच्या पंगतीत गाठून जमिनीचा दावा विचारतात. डॉक्टरला तर जत्रेत रिपोर्ट दाखवतात.

शेजारची आजी "राख टाक गो बाय मुळात" म्हणून फुकट सांगते, तिथे अबोलीताईंना महिना पन्नास रुपये कोण देणार? आणि ज्याने दिले तो रात्री अकराला फोटो पाठवून "पाहिलंत का?" म्हणून विचारणार. पन्नास रुपयांत नोकरी लागेल ताईंना.

---

डिचोलीकर

शुक्रवारशी सहमत. बोलण्याचे पैसे कोणी देत नाही, वस्तूचे देतं.

आमचं किराणा दुकान आहे. आमचा ग्रुप तुमच्या निम्मासुद्धा नाही, पण धंद्याला उपयोगी पडतो तो एकाच गोष्टीने: आगाऊ ऑर्डर. पुरुमेंताचं उदाहरण घ्या. पावसाळ्याची बेगमी एप्रिल-मेमध्ये होते. सोलं, सुकी मासळी, मिरची, चिंच, उकडे तांदूळ. पूर्वी वडील अंदाजाने माल भरायचे. अंदाज चुकला की मिरची पावसाळ्यात दमट होऊन बुरशी धरायची आणि तो तोटा वर्षभर पुरायचा. आता मी हंगामाच्या आधीच ग्रुपवर यादी टाकतो: अमुक भाव, निम्मे पैसे यूपीआयने आत्ता, उरलेले माल नेताना. ऑर्डरी बंद झाल्या की मग खरेदीला जातो. भांडवल गिऱ्हाइकाचं, उरलेल्या मालाची चिंता नाही. नफ्याची टक्केवारी तीच आहे, फक्त जो पैसा सडून जायचा तो आता जात नाही. घरात कोणाला समजावताना हे आधी सांगा, कारण "विक्री किती वाढली?" असं विचारलं तर आकडा फार मोठा दिसणार नाही.

तुमच्याकडे हे जास्त चालेल. तुमचे दोन हंगाम बघा. एक मिरगाआधीचा: भेंडा, काकडी, दोडकी, चिबूड यांचं बी. त्यातही सात शिरांचा भेंडा, आगशीची वांगी असलं गावठी काही असेल तर मागणी ऑनलाइन दुकानाला भागवता येत नाही, कारण त्यांच्याकडे ते नसतंच.

दुसरा चवथीचा. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगून सजवतात त्या चौकटीचं, सामान: कांगलां, घागऱ्या, कवंडळ, तोरिंगण, सुपारीचे शिपटे. ही वस्तू अशी की चवथीच्या आदल्या दिवशी तिला सोन्याचा भाव आणि चवथ उजाडल्यावर शून्य. अशा मालाला आगाऊ ऑर्डरीइतकं काहीच फायद्याचं नाही. पणजी, मडगावच्या फ्लॅटांत राहणारे आणि रानाशी संबंध तुटलेले लोक तर तयार जुडगा मिळाला तर देव पावला म्हणतील.

---

साखळीची सून

डिचोलीकर, बाकी सगळं पटलं, माटोळीवर मात्र थांबा.

ते सामान सत्तरीतल्या बायका रानातून गोळा करून वाळपई, फोंडा, पणजीच्या बाजारात आणून बसतात. वर्षाची ती त्यांची एक कमाई. दुकानाने ग्रुपवर जुडगे विकायला सुरुवात केली की गिऱ्हाईक बाजारात उतरायचंच नाही, आणि त्या बायका दुकानाला मिळेल त्या भावात माल घालणार. ग्रुपात हजार माणसं आहेत म्हणून भाव पाडायची ताकद येते, ती असली जागी वापरू नये.

करायचंच असेल तर उलट करा. चार-पाच बायका आधी ठरवा, त्यांचा भाव त्या सांगतील, तोच ग्रुपवर जाहीर करा. तुम्ही घ्या ते बांधणी आणि पोचवण्याचे पैसे, वेगळे दाखवून. गिऱ्हाईक देतं हो! मी नेवऱ्या, पिणाक, मसाले करते, माझ्या ग्रुपात पोचवण्याचा दर वेगळा लिहिते तर कोणी कुरकुर करत नाही. तोच भावात मिसळला की "गेल्या वर्षी कमी होते" सुरू.

खाण्याचं काही विकणार असाल, लोणचं, सोलाचं आगळ वगैरे, तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी आधी करा. लहान धंद्याला वर्षाला शंभर रुपये फी आहे. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. ग्रुपवर "घरगुती आहे" म्हटल्याने सुटका होत नाही.

---

कुडचडे एक्सप्रेस

मान्य, पण हे सगळं हंगामी झालं. बाकीचे महिने? ॲफिलिएटमध्ये बसल्या जागी पैसे येतात.

---

म्हापशाचा शुक्रवार

बसल्या जागी किती येतात ते पण सांग रे. दोनशेच्या कुंडीवर मिळणारी टक्केवारी म्हणजे चहा-भजीसुद्धा नाही. आणि स्वतःच्या दुकानात कुंड्या रचलेल्या असताना दुसऱ्याच्या कुंडीची लिंक द्यायची! दीर घराबाहेर काढतील.

---

परसांतली अबोली

😄 दीर अजून दुकानातून बाहेर काढायच्या गोष्टी करतायत, घरापर्यंत आलेले नाहीत.

साखळीच्या वहिनी, माटोळीचं तुमचं एकदम पटलं. आमच्याच दुकानासमोर त्या बायका बसतात, रोज तोंडं बघायची आहेत.

खत कंपनीचं कोणीच बोलत नाही. रक्कम लहान नाही, खरं सांगते. आणि त्यांचं खत वाईट आहे असंही नाही, आम्ही विकतोच.

---

हिशेबनीस

कंपनीचं मी सांगतो. अडचण पैसे घेण्यात नाही, "जणू माझाच अनुभव" यात आहे.

पैसे, फुकट माल, सहल, काहीही घेऊन एखाद्या वस्तूबद्दल लिहिलं तर ती जाहिरात आहे हे ठळक सांगावं लागतं. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले. २०२३ च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांच्या मागे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. फोंड्याच्या ग्रुपवर उद्या धाड पडेल असं म्हणत नाही. पण त्या कंपनीला लेखी विचारून बघा: "वर जाहिरात असं लिहीन, चालेल?" हो म्हणाली तर बोलणी करा. नाही म्हणाली तर ती रक्कम कशाची होती ते कळलंच.

पैशांऐवजी माल देत असतील तर तोही हिशेबात धरा. २०२२ च्या जुलैपासून धंद्यानिमित्त मिळालेल्या अशा लाभाची किंमत वर्षात वीस हजारांच्या वर गेली की देणाऱ्याने दहा टक्के कर कापायचा असतो.

आता परवाने, कारण ग्रुपमध्ये हे सगळे विसरतात. कीटकनाशक विकायला १९६८ च्या कायद्याखाली परवाना लागतो. तुमच्या दुकानाचा असेल, पण ग्रुपातल्या दुसऱ्या कोणी बाटल्या विकायला काढल्या तर त्याचा नाही. अशा पोस्टी ठेवू नका. बियाणं विकणाऱ्या व्यापाऱ्याला १९८३ च्या बियाणे आदेशाप्रमाणे परवाना. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातलं बिनब्रँडचं बी दिलं-घेतलं, विकलं, तर ते मात्र २००१ च्या कायद्याने त्याच्या हक्कात येतं. म्हणजे ग्रुपातल्या माणसांची आपापसातली बियांची देवघेव चालू द्या, ती बेकायदा नाही.

जीएसटी: पेरणीचं बी आणि रोपं यांवर कर नाही, प्लास्टिकच्या कुंड्यांवर आहे. मालाच्या उलाढालीची मर्यादा आपल्याकडे वर्षाला ४० लाख, सेवांची २० लाख. पण लक्षात ठेवा, सावंतवाडीच्या मावशीला अशा कुंड्या पाठवल्या तर ते दुसरं राज्य झालं, आणि करपात्र माल राज्याबाहेर विकायला मर्यादेच्या आतही नोंदणी लागते. आपल्याकडे पत्रादेवी ओलांडायला वेळ तो किती लागतो!

---

काणकोणचा मामा

उशिरा आलो. सगळं वाचलं. एक गोष्ट कोणी बोललं नाही.

अबोलीताई, तुमचं गिऱ्हाईक काय विचारतंय ते तुम्ही लिहून ठेवता का? ॲमेझॉन, कंपन्या वगैरे हेच जाणून घ्यायला पैसे मोजतात. तुमच्याकडे माणसं स्वतःहून फोटोसकट रोज सांगतायत. ग्रुपच्या शोधात "पांढरी माशी" घालून बघा, कुठल्या महिन्यात किती जण ओरडले ते दिसेल. पुढल्या वर्षी त्याच्या पंधरा दिवस आधी निंबोळी तेल आणि पिवळे चिकट सापळे भरून ठेवा, आणि ग्रुपवर एवढंच लिहा की माशी यायची वेळ झाली, पानं उलटी करून बघा. दुकानाचं नावसुद्धा घ्यायची गरज नाही.

आणि त्या कुंडीवालीचं. मला तर त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. तिने काय विचारलं? माती कुठली घालू. कुंडी हलकी असते, एकात एक बसते, ट्रकने कुठूनही येते. माती जड. वीस किलोच्या पिशवीचं कुरियर मातीपेक्षा महाग पडतं. तयार माती मिसळून, शेणखत आणि नारळाचा भुसा घालून, गच्चीपर्यंत पोचवणारा माणूस ऑनलाइन नाही. रोपंही तशीच. ज्यात कुरियर हरतं त्यात तुम्ही उतरा, कुंड्या त्यांच्याकडून घेऊ देत खुशाल.

आमच्या बाजूला खोला मिरचीचं पण असंच. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून बाहेरची मिरची खोला म्हणून खपवणारे वाढले. गिऱ्हाईक पिशवीवर काय छापलंय ते बघत नाही, विचारतं "कोणाच्या डोंगरावरची?" ज्याचा ग्रुप आहे आणि जो रोपाचा फोटो जूनपासून टाकत आलाय त्याला भाव मागावा लागत नाही.

---

डिचोलीकर

मामा, कुरियरचं लाखातलं बोललात.

---

साखळीची सून

वर्ग घेता येतील की फीचे. कलमं बांधायला शिकवणं, गच्चीवरची बाग. सल्ल्याला पैसे देत नाहीत पण हाताने करून दाखवलं तर देतात, वर घरी न्यायला एक कलम दिलं तर नक्कीच.

---

म्हापशाचा शुक्रवार

जुन्या गोव्याला एला इथे सरकारी कृषी संशोधन संस्था आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे प्रशिक्षणं होतात. त्यांच्याशी स्पर्धा नको. पण तिथे कामाच्या दिवशी जावं लागतं. रविवारी सकाळी, दुकानाच्या मागे, नोकरदार मंडळींसाठी ठेवलंत तर चालेल. शिकून बाहेर पडताना कात्री, कलमाची पट्टी आणि पिशवी कुठून घेणार? समोरच दुकान.

विकणाऱ्यांचं माझं मत वेगळं आहे. ग्रुपात बाकीचे लोक रोपं, मध, अंडी विकायला टाकत असतीलच. त्यांना एक वार द्या. आमच्या म्हापशाचा शुक्रवारचा बाजार उगाच टिकला नाही, सगळ्यांना माहीत असतं कधी यायचं. आणि ज्यांचा धंदा मोठा आहे, नर्सरीवाले वगैरे, त्यांच्याकडून महिन्याची जागेची फी घ्या. बाजारात पालिका सोपो घेतेच ना?

---

साखळीची सून

घरची चार अंडी विकणाऱ्या बाईकडून सोपो?? पालिकेचा ठेकेदार तरी बरा म्हणायचा.

---

म्हापशाचा शुक्रवार

वहिनी, "मोठा धंदा" असं लिहिलंय वर. अंडी माफ.

---

कुडचडे एक्सप्रेस

वार ठरवून देण्याची कल्पना मस्त आहे. एक तांत्रिक सूचना, यावेळी तरी हसू नका. सगळं एकाच ठिकाणी ठेवू नका. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा त्यावर धंदा उभा केलेल्यांचं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं. २०२१ च्या ४ ऑक्टोबरला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप मिळून सहाएक तास बंद होतं. आणि २०१८ मध्ये फेसबुकने घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टी वर आणायचं ठरवलं, तेव्हापासून दुकानाचं पेज म्हणजे पैसे भरा तर लोकांना दिसेल, असं झालं.

ऑर्डर देणाऱ्यांची नावं, नंबर, गाव, काय घेतात, हे दुकानाच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवत जा, त्यांना विचारून. ब्रॉडकास्ट लिस्ट काढाल तर एकीत २५६ नंबर बसतात, आणि ज्याच्याकडे तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून दुकानाच्या पिशवीवर नंबर छापा आणि सेव्ह करायला सांगा. व्हॉट्सॲप बिझनेस ॲप घेतलं तर कॅटलॉग टाकता येतो, भाव पुन्हा पुन्हा लिहावा लागत नाही. ॲप फुकट आहे.

---

हिशेबनीस

एक्सप्रेसला पहिल्यांदाच पूर्ण पाठिंबा. फक्त ती यादी कोणाला विकू नका, देऊ नका. कोणी ना कोणी मागणारच, बिल्डर तर पहिला. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, आणि माणसांनी नंबर दिलाय तो बियांसाठी, फ्लॅटसाठी नव्हे.

---

परसांतली अबोली

मंडळी, देव बरें करूं. काल रात्री दिरांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. कुरियरच्या मातीवर ते हसले नाहीत, गप्प होऊन आकडेमोड करायला लागले, म्हणजे पटलंय. मिसळायला जागा मागच्या पडवीत आहे, टेम्पो आठवड्यातून दोनदा नाही तरी कुर्टी-ढवळीच्या बाजूला जातोच.

खत कंपनीला हिशेबनीस म्हणाले तसं विचारलं. "जाहिरात लिहिलं तर त्याला तेवढं वजन राहत नाही हो" असं उत्तर आलं, आणि रक्कम निम्म्यावर आली. निम्म्यावरही नको म्हणून सांगितलं. त्यांचं खत दुकानात आहे तसं राहील.

बियांची यादी ग्रुपवर टाकते आहे. निम्मे पैसे आधी मागायला अजून जीभ रेटत नाही, विशेषतः सासऱ्यांच्या वेळच्या गिऱ्हाइकांकडे. डिचोलीकर, म्हाताऱ्या माणसांकडून तुम्ही आगाऊ कसे घेता? यूपीआय नसतं त्यांच्याकडे.

---

डिचोलीकर

घेत नाही. त्यांची ऑर्डर वहीत लिहून घेतो. साठीच्या वरचं माणूस सांगून माल न्यायला आलं नाही असं आमच्याकडे होत नाही. आगाऊ लागतात ते अंगठा दाखवून "२ किलो" टाकणाऱ्या पोरांकडून.

---

काणकोणचा मामा

ताई, त्या भेंड्याचं बी खरंच सात शिरांचं आहे ना? असेल तर पाव किलो धरा. काणकोणला आणून देणारा कोणी नसेल तर मडगावच्या कदंब स्टँडवर ठेवा, भाचा घेईल.

---

परसांतली अबोली

मामा, पाव किलोत अख्खं काणकोण भेंडे खाईल! पन्नास ग्रॅम धरते. आणि हो, निम्मे पैसे आधी.